कामावर भाजल्यावर नुकसानभरपाई कशी मागायची : सोलापूरच्या कामगारांसाठी

१८ मे २०२५ ला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली, ८ जीव गेले आणि अख्खं शहर हादरलं. तेव्हा पेपरवाले आले, पुढारी आले, मदत जाहीर झाली. पण एकटादुकटा कामगार बॉयलरच्या वाफेने, डाईंगच्या उकळत्या पाण्याने, सायझिंगच्या (सुताला खळ द्यायच्या) कांजीने नाहीतर कॉस्टिक सोड्याने भाजतो, तेव्हा असं काही होत नाही. घरचे दवाखान्यात पळतात, मालकाचा माणूस ड्रेसिंगचे पैसे देतो आणि महिनाभरात फोन उचलणं बंद करतो.

माझा धाकटा भाऊ सुताच्या डाईंगमध्ये होता. स्टीमच्या लाइनचा जोड सुटला आणि त्याचा उजवा हात, मान आणि पाठ भाजली. भरपाईच्या सगळ्या कामात मी त्याच्याबरोबर होते. त्या धावपळीत जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगते. कायदा बहुतेक वेळा कामगाराच्या बाजूने असतो, कागद मात्र नसतात, आणि ते कागद पहिल्या दोन-चार दिवसांतच तयार होतात किंवा कायमचे बिघडतात.

१. आधी उपचार, आणि केसपेपरवर खरं कारण

भाजल्याबरोबर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ, शाई, टूथपेस्ट, हळद, काही लावू नका. अंगठी, कडं, बांगड्या सूज यायच्या आत काढा. कॉस्टिक सांडलं असेल तर भिजलेले कपडे लगेच उतरवा आणि पाणी आणखी बराच वेळ चालू ठेवा.

मग दवाखाना. जवळच्या खासगीत नेलंत काय, सिव्हिलला नेलंत काय, तिथे कॅज्युअल्टीत डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, “कसं भाजलं?” त्याचं उत्तर कोण देतं याकडे बारीक लक्ष ठेवा. पेशंट कळवळत असतो, घरचे अजून वाटेत असतात आणि उत्तर देतो तो मुकादम. भावाच्या केसपेपरवर पहिली ओळ आली, “गरम पाणी अंगावर सांडून भाजले.” कुठे, कशाने, कामावर की घरी, काही नाही. कारखान्याचं नावसुद्धा नाही. असा कागद पुढे समोरच्या वकिलाच्या हातात पडला की तो सरळ म्हणतो, हे घरी आंघोळीचं पाणी सांडलं असेल.

म्हणून डॉक्टरांना स्वतः सांगा : अमुक कारखान्यात, ड्युटीवर असताना, इतक्या वाजता, या मशिनवर, वाफेने भाजलं. तसं लिहिलं का, हे लगेच वाचून घ्या. चुकीचं असेल तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, वॉर्डातल्या डॉक्टरांना भेटून पेशंटच्या तोंडून दुरुस्त नोंद करायला सांगा. जुनी ओळ खोडू देऊ नका. खाली नवी नोंद, तारीख आणि सही हवी. खाडाखोड केलेल्या कागदावर कोर्टात विश्वास बसत नाही.

एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस म्हणून नोंद) झाली का हेही विचारा आणि तिचा नंबर लिहून ठेवा. खासगी दवाखाने कधी कधी “पोलिसांचं लफडं नको” म्हणून टाळतात. ऐकू नका.

खर्चासाठी वॉर्डाजवळच्या आरोग्यमित्राला भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रेशनकार्ड आणि आधार दाखवून अंगीकृत दवाखान्यात उपचार मोफत होऊ शकतात. मात्र खासगीत दाखल करण्याआधीच तो दवाखाना योजनेत आहे का ते बघा.

२. पोलिसांचा जबाब

एमएलसी झाली की पोलीस जबाब घ्यायला येतात. नेमका त्याच्या आदल्या संध्याकाळी मालकाकडचा कोणीतरी फळं घेऊन येतो. बोलणं गोड असतं. “कारखान्याचं नाव नको घेऊ, आपण सगळा खर्च करू. घरी स्टोव्हचा भडका उडाला म्हण.” हा एक जबाब दिलात की तुमची निम्मी केस संपली. खर्चाचा शब्द तोंडी असतो, जबाब मात्र कायमचा कागदावर राहतो.

आपल्याकडे पूर्वभागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, हद्दीच्या गावांकडून येणारे कन्नड बोलतात. जबाब मराठीत लिहिला जातो. तो घरच्या भाषेत समजावून सांगितल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नका. तसं मागणं हा तुमचा हक्क आहे, त्यात पोलिसांचा अपमान नाही.

घटनास्थळाचा पंचनामा व्हायला हवा. तो होण्याआधी फुटलेला पाइप बदलला जातो, हे गृहीत धरा आणि सोबतच्या एखाद्या कामगाराकडून त्याच दिवशी मोबाइलवर फोटो मागवून ठेवा. गुन्हा दाखल झाला नाही म्हणून भरपाई अडत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

कारखान्यातला अपघात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवणं मालकाला बंधनकारक आहे. तो कळवत नसेल तर तुम्ही अर्ज द्या, पोच घ्या. बॉयलर किंवा स्टीम लाइन असेल तर बाष्पके संचालनालयालाही एक प्रत द्या. त्यांच्या तपासणीचा अहवाल पुढे मोठा पुरावा ठरतो.

३. ईएसआय आहे की नाही, हे पहिल्या आठवड्यात ठरवा

इथेच रस्ता दोन वाटांनी फुटतो. १० किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याला ईएसआय (कामगार राज्य विमा योजना) लागू होतो. पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो.

ईएसआय असेल तर :
- कामावरच्या दुखापतीला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. अमुक महिने वर्गणी भरलेली हवी, ही अट इथे नाही.
- कामावर जाता येत नाही तोवर पगाराच्या साधारण ९० टक्के रक्कम मिळते.
- कायमचं अपंगत्व आलं तर मेडिकल बोर्ड कमाई किती घटली ते ठरवतं आणि त्याप्रमाणे दरमहा रक्कम मिळत राहते.
- या वाटेने गेल्यावर मालकाकडून नुकसानभरपाई कायद्याखाली वेगळी रक्कम मागता येत नाही.

मालकाने अपघाताचा अहवाल ईएसआयसीला (ही योजना चालवणाऱ्या महामंडळाला) पाठवला का, आणि त्यात “कामावर असताना” असं लिहिलं का, हे शाखा कार्यालयात जाऊन बघा.

सोलापुरातली खरी गोम वेगळीच आहे. एका शेडमध्ये २५ माणसं राबतात, पण कागदावर ते तीन कारखाने असतात : एक बापाच्या नावावर, एक मुलाच्या, एक सुनेच्या. प्रत्येकात आठ-आठ माणसं दाखवली की ईएसआय टळतो. एकच वीज मीटर, एकच मुकादम, एकच गेट असेल तर तसं लेखी ईएसआयसीच्या कार्यालयात द्या. कारखान्याला ईएसआय लागू होत होता आणि मालकाने तुमचं नावच घातलं नव्हतं, असं निघालं तर महामंडळ तुम्हाला लाभ देऊन तो पैसा मालकाकडून वसूल करू शकतं. “तुझं नाव नाही, तुला काही मिळणार नाही,” हे मालकाचं म्हणणं शेवटचं नसतं.

ईएसआय खरोखरच लागू नसेल, तर नुकसानभरपाईची वाट. पुढचं सगळं मुख्यतः त्यांच्यासाठी.

४. कोणता कायदा

आजवर हे दावे कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ खाली चालत आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि हा विषय तिच्यात गेला. रकमेचं मूळ सूत्र तेच आहे, मुदत तीच दोन वर्षांची आहे. अपघाताची तारीख या दिवसाच्या अलीकडची की पलीकडची, हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा, म्हणजे अर्ज बरोबर कायद्याखाली पडेल.

५. फाइलमध्ये काय काय हवं

एक जाड फाइल घ्या आणि मूळ कागद कोणालाही देऊ नका. मालकाला, एजंटला, अगदी वकिलालाही आधी झेरॉक्स.

- केसपेपर, एमएलसी नंबर, ऑपरेशनच्या नोंदी, डिस्चार्ज कार्ड
- औषधांची, ड्रेसिंगची, प्रेशर गारमेंटची (व्रण दाबून ठेवणारे घट्ट कपडे), फिजिओथेरपीची बिलं
- जखमांचे फोटो : दाखल झाल्यापासून पुढे महिन्या-महिन्याला, तारखेसह
- आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक
- वयाचा पुरावा, शक्यतो शाळा सोडल्याचा दाखला
- पगाराचा पुरावा
- सोबत काम करणाऱ्या दोघा-तिघांची नावं आणि मोबाइल नंबर
- पोलिसांच्या जबाबाची आणि पंचनाम्याची नक्कल

वयाचं महत्त्व पुढे हिशेबात कळेल. आधारवर १ जानेवारी आणि दाखल्यावर दुसरीच तारीख, हा घोळ घरोघरी आहे. कोणती तारीख धरायची ते आधीच वकिलाशी बोलून ठरवा.

पगाराचा पुरावा हीच सगळ्यात अवघड गोष्ट. आपल्याकडे आठवड्याचा बटवडा रोख होतो, पावती मिळत नाही. अशा वेळी हजेरी कार्डाचे फोटो, मुकादमाचे व्हॉट्सअॅपवरचे मेसेज, फोन पे वर आलेली रक्कम, सोसायटीच्या कर्जासाठी मालकाने दिलेला पगाराचा दाखला, पीएफ असेल तर पासबुक, जे हाताशी असेल ते गोळा करा. तेही नसेल तर सोबतच्या कामगाराची साक्ष. दिवाळीचा बोनस, ओव्हरटाइम, कामाच्या नगावरचे पैसे हेही कमाईत धरायला सांगा.

६. मालकाला लेखी कळवा, आणि “मिटवून घ्या”पासून सावध राहा

मालकाला अपघाताची लेखी नोटीस द्या : नाव, पत्ता, अपघाताची तारीख, वेळ, जागा, कारण. स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. तुम्ही ठेकेदाराकडे असाल तर ठेकेदार आणि मूळ कारखानदार दोघांनाही पाठवा. काम मालकाच्या धंद्याचंच असेल तर भरपाईला मूळ मालकही जबाबदार असतो.

त्यानंतर मालक बोलावतो. समोर ठरावीक रक्कम असते आणि शेजारी स्टॅम्प पेपर, कधी कोराही. घरात पैसा संपलेला असतो, पोरांच्या शाळेची फी थकलेली असते, तेव्हा ती रक्कम घ्यावीशी वाटणारच. म्हणून नीट समजून घ्या : भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने टिकत नाही. तडजोड करायचीच असेल तर ती भरपाईचे दावे चालवणाऱ्या प्राधिकाऱ्यासमोर नोंदवावी लागते, आणि रक्कम फारच कमी वाटली तर ते नोंद नाकारू शकतात. कोऱ्या कागदावर मात्र काय वाट्टेल ते छापता येतं. त्यावर सही करूच नका.

मालक उपचाराला पैसे देत असेल तर घ्या, नाकारू नका. फक्त पावतीवर “उपचारासाठी” एवढंच असू द्या. तिथे “उचल” लिहिलं असेल तर पुढे तो ते कर्ज म्हणून दाखवतो आणि तुम्हालाच देणेकरी ठरवतो. आमच्याकडे तसा प्रयत्न झाला होता.

“तूच निष्काळजी होतास” हे वाक्य तुम्ही नक्की ऐकाल. साध्या चुकीमुळे भरपाई बुडत नाही. दारूच्या किंवा नशेच्या अमलाखाली असणं, सुरक्षेचा स्पष्ट नियम मुद्दाम मोडणं, सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढून टाकणं, एवढीच कारणं मालकाच्या कामी येतात. मृत्यू किंवा पूर्ण कायमचं अपंगत्व आलं असेल तर तीही चालत नाहीत. ग्लोव्ह्ज मालकाने दिलेच नव्हते, तर “ग्लोव्ह्ज का घातले नाहीस” याला अर्थच उरत नाही.

७. तीन वेगवेगळे टक्के

लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डिस्चार्ज कार्डवर “२५ टक्के भाजले” असं असतं. तो आकडा शरीराची किती कातडी भाजली एवढंच सांगतो. अपंगत्वाच्या दाखल्यावरचा टक्का वेगळा : सांधा किती वळतो, मूठ किती मिटते, त्यावर तो ठरतो. आणि भरपाई ज्यावर मिळते तो तिसराच टक्का आहे, कमाईची ताकद किती घटली. मनगटाची आणि बोटांची कातडी आकसली तर भाजलेला भाग ४ टक्के असूनही सुताची लडी पिळणारा माणूस त्या कामातून कायमचा उठू शकतो.

सर्वोच्च न्यायालयाने प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास साबता (१९७६) या निकालात डावा हात कोपराच्या वर गमावलेल्या सुताराची कमाईची ताकद १०० टक्के गेली असं मानलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. हा निकाल वकिलाला आठवण करून द्या. प्रश्न “हा माणूस काहीतरी करू शकतो का” एवढाच नाही, तर “तो जे काम करत होता ते करू शकतो का” असा असतो.

भाजल्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती केसपेपरवर जवळजवळ कधीच येत नाही. खोल भाजलेल्या आणि वरून कातडी लावलेल्या जागेला घाम येत नाही. भावाची अर्धी पाठ तशी आहे. एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ वर गेला की त्याचा चेहरा लाल होतो, डोकं गरगरतं, ओला टॉवेल पाठीवर टाकून बसावं लागतं. अशा माणसाने बॉयलरजवळ कसं उभं राहायचं? भूल देऊन कातडी लावणाऱ्या सर्जनना हे माहीत असतं, पण विचारल्याशिवाय लिहीत नाहीत. तुम्ही विचारा आणि दाखल्यात लिहून घ्या : घाम येत नाही, उन्हात आणि उष्णतेजवळ काम जमणार नाही, व्रण खाजतात, रसायनांचा संपर्क चालणार नाही, पकड किती राहिली.

दाखल्याची घाई करू नका. व्रण पक्का व्हायला आणि आकसायला महिने लागतात. लवकर घेतलेल्या दाखल्यात अपंगत्व कमी दिसतं. दुसरीकडे दोन वर्षांची मुदतही चालू असते. यावर उपाय असा की अर्ज वेळेत दाखल करा आणि अंतिम दाखला नंतर जोडा. त्या काळात डॉक्टर सांगतील तितके तास प्रेशर गारमेंट घाला, फिजिओथेरपी चुकवू नका. हात वाचवणं हे भरपाईपेक्षा कितीतरी मोठं आहे.

८. रक्कम किती बसते

१९२३ च्या कायद्याखालचं सूत्र : महिन्याच्या पगाराचे ६० टक्के, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणांक, गुणिले कमाई घटल्याचा टक्का. पगार कितीही असला तरी ३ जानेवारी २०२० पासून हिशेबाला जास्तीत जास्त १५,००० रुपये धरले जातात. वय ३० असेल तर गुणांक २०७.९८, वय ४० ला १८४.१७.

समजा वय ३०, पगार १५,००० आणि कमाई ४० टक्के घटली. १५,००० चे ६० टक्के म्हणजे ९,०००. त्याला २०७.९८ ने गुणलं की १८,७१,८२०. त्याचे ४० टक्के : ७,४८,७२८ रुपये. हाच पगार मालकाने कागदावर ९,००० दाखवला आणि तुम्हाला तो खोडून काढता आला नाही, तर हातात येतात साधारण ४,४९,२३७. म्हणून पगाराच्या पुराव्यासाठी जीव टाका.

पूर्ण कायमच्या अपंगत्वाला किमान १,४०,००० आणि मृत्यू झाल्यास पगाराचे ५० टक्के धरून, किमान १,२०,००० अशी तरतूद आहे. बरं होईपर्यंत काम बंद असतं त्या काळासाठी दर १५ दिवसांनी पगाराचे २५ टक्के मिळायला हवेत. याशिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा मिळतो, म्हणून प्रत्येक बिल जपा. साध्या कागदावर लिहिलेली औषधांची चिठ्ठी चालत नाही, जीएसटी नंबर असलेलं छापील बिल घ्या.

महिन्याभरात रक्कम दिली नाही तर या कायद्यात १२ टक्के व्याज आहे. उशिराला योग्य कारण नसेल तर मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही लागू शकतो. अर्जात दोन्ही मागा. न मागितलेलं सहसा मिळत नाही.

९. अर्ज आणि तारखा

सोलापुरात हे दावे कामगार न्यायालयाचे न्यायाधीश नुकसानभरपाई आयुक्त म्हणून चालवत आले आहेत. नव्या संहितेत या जागी सक्षम प्राधिकारी आहे. अपघात जिथे झाला तिथे किंवा तुम्ही जिथे राहता तिथे अर्ज करता येतो. गावाकडे अक्कलकोट, मोहोळला परत गेला असाल तरी जिल्हा बदलत नाही, पण कलबुर्गी किंवा विजयपूरला गेला असाल तर ही सोय लक्षात ठेवा.

अर्जात मालक, ठेकेदार आणि मालकाची विमा कंपनी, तिघांनाही सामनेवाले करा. कामगारांसाठीची विमा पॉलिसी होती का, हे मालक आपणहून सांगत नाही. ती हजर करण्याचा आदेश मागता येतो.

वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. औद्योगिक कामगार, महिला, दिव्यांग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोनवर १५१०० ला विचारता येतं. “मिळालेल्या रकमेतले ३० टक्के माझे” असं सांगणाऱ्या वकिलापासून दूर राहा. निकालातला हिस्सा फी म्हणून ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे.

दोन साक्षी केस उभी करतात. एक सोबतच्या कामगाराची. त्याची नोकरी तिथेच असते, म्हणून तो कचरतो. त्याच्यावर चिडू नका, नोकरी सोडलेला कोणी आहे का ते शोधा. दुसरी डॉक्टरांची. नुसता दाखला लावून भागत नाही, बहुतेक वेळा डॉक्टरांना साक्षीला बोलवावं लागतं. सरकारी डॉक्टरांची बदली झाली असेल तर समन्स नव्या पत्त्यावर जावं लागतं, तेव्हा बदली कुठे झाली ते तुम्हीच आधी काढून वकिलाला द्या. प्रत्येक तारखेला जा. तुम्ही गैरहजर राहिलात आणि अर्ज निकाली निघाला, तर तो पुन्हा उघडायला आणखी एक अर्ज लागतो.

१०. निकाल लागल्यावर

मालकाने किंवा विमा कंपनीने रक्कम प्राधिकाऱ्याकडे जमा करायची असते, तुमच्या हातात नाही. जमा केली नाही तर वसुलीचा अर्ज द्या. जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करता येते, म्हणजे प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांमार्फत तहसीलदाराकडे जातं. तिथे फाइल पडून राहते, महिन्यातून एकदा टेबलावर जाऊन आवक क्रमांक सांगून विचारा.

सामनेवाल्याला ६० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं, पण मालकाला त्यासाठी ठरलेली रक्कम आधी जमा करून तसं प्रमाणपत्र जोडावं लागतं. “अपील केलंय, आता दहा वर्षं बघत बस” असा निरोप आला तर आधी वकिलाला रक्कम जमा झाल्याची खात्री करायला सांगा. जमा असेल तर अपील चालू असतानाही त्यातला काही भाग काढू द्यावा असा अर्ज करता येतो. पैसे काढताना बँक खातं जखमी माणसाच्या स्वतःच्या नावावर, आधारशी जोडलेलं आणि चालू स्थितीत हवं. भाजलेल्या हातामुळे सही बदलली असेल तर बँकेत नवी सही किंवा अंगठा आधीच नोंदवून घ्या.